खळ्यातला तिवडा, आभाळातला ध्रुव

महाशिवरात्रीला आमच्या गावी, माण तालुक्यात, रात्रभर जागरण असतं. देवळात भजन रंगलेलं असतं, चहाची किटली फिरत असते आणि मी देवळामागच्या माळावर सतरंजी टाकून उत्तरेकडे तोंड करून बसलेलो असतो. भक्ती कमी आहे म्हणा हवं तर. पण आकाश बघायला याच्याइतकी सोयीची रात्र वर्षात दुसरी नाही. माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे चंद्र असून नसल्यासारखा. उगवलाच तर पार पहाटे, नखाएवढा. ढग नाहीत, थंडी सोसवेल इतकीच उरलेली, आणि रात्रभर बाहेर बसलं तरी घरातलं कोणी हटकत नाही.

२०२५ साली शिवरात्र २६ फेब्रुवारीला आली. त्या रात्री सातवीतला भाचा सोबत होता. ध्रुवतारा जागचा हलत नाही आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतात, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. गोल गोल रेघांचा तो प्रसिद्ध फोटोही पाहिला होता. संध्याकाळी साडेसातला तो पाच मिनिटं टक लावून बसला आणि म्हणाला, "मामा, फिरत तर काहीच नाहीये."

त्याचं काही चुकलं नव्हतं. घड्याळातला तासकाटा तासाला ३० अंश सरकतो, आणि तोही आपल्याला सरकताना दिसत नाही. आभाळ त्याच्या निम्म्या वेगाने फिरतं, तासाला १५ अंश. शिवाय ध्रुवाच्या जवळचे तारे तर फारच थोडं अंतर कापतात. तेव्हा नुसतं बघत बसून उपयोग नाही, खूण करून ठेवावी लागते. मी त्याला वहीवर क्षितिजाची रेघ मारायला लावली, देवळाचा कळस आणि चिंचेचं झाड काढायला लावलं, आणि म्हटलं, आता जे दिसतंय ते जसंच्या तसं इथे उतरव. वर वेळ लिही. मग जा भजनाला.

आधी ध्रुव शोधायचा. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण ध्रुव म्हणजे आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा अशी उगाचच एक समजूत आहे. तेजाच्या यादीत तो साधारण पन्नासावा लागतो. उत्तर दिशा धरावी, हात ताठ लांब करून मूठ आवळावी आणि ती क्षितिजावर ठेवावी. मूठ साधारण १० अंश झाकते. माणमधून दोन मुठींना जरा कमी, एवढ्या उंचीवर एक मध्यम तेजाचा, एकटाच बसलेला तारा दिसतो. आजूबाजूला त्याच्या तोडीचं कोणी नाही, म्हणून ओळखू येतो.

सप्तर्षी वर असतील तर काम आणखी सोपं. चार तारे चौकोनाचे, क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री. तीन शेपटीचे, अंगिरा, वसिष्ठ आणि मरीची. पतंग म्हणा आणि मोकळे व्हा. पतंगाच्या डोक्याकडचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढायची आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे न्यायची, की ध्रुव सापडतो. म्हणून या दोघांना दर्शक तारे म्हणतात.

त्या संध्याकाळी साडेसातला हा पतंग ईशान्येला नुकता वर येत होता, तोही अर्धवट. दर्शक तारे ध्रुवाच्या उजव्या हाताला, जवळजवळ त्याच्याच उंचीवर, आडव्या रेषेत. चौकोन वर आलेला, पण शेपटी जमिनीखालीच. मरीची क्षितिजावर यायला साडेआठ उजाडले, धुरळ्यातून नीट दिसायला नऊ. म्हणजे खरोखरच पतंग उडवल्यासारखा, डोकं वर आणि शेपटी खाली लोंबती. ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला, वायव्येला, शर्मिष्ठा या तारकासमूहाचे पाच तारे मावळतीकडे झुकलेले होते. भाच्याने दोन्ही काढलं, वेळ लिहिली आणि प्रसादाला पळाला.

अकराच्या सुमारास आला तेव्हा शर्मिष्ठा क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात विरघळत होती आणि पतंग चांगलाच वर चढला होता. एक वाजून दहा मिनिटांनी दर्शक तारे ध्रुवाच्या बरोब्बर डोक्यावर, उभ्या रेषेत आले. पतंग आता आडवा पडलेला, शेपटी उजवीकडे. आणि पहाटे साडेपाचला, डोळे चोळत त्याने शेवटचं चित्र काढलं तेव्हा पतंग डावीकडे कलला होता, डोकं खाली, शेपटी वर. कापलेला पतंग वायव्येकडच्या रानात पडायला निघावा तसा.

त्याने पाच चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि लगेच एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, जी मोठ्यांच्या लक्षात आणून द्यावी लागते. पतंगाचा आकार पाचही चित्रांत तोच होता. ताऱ्यांमधली अंतरं बदलली नव्हती, कोणी कोणाच्या पुढे गेलं नव्हतं. फक्त सगळंच्या सगळं एकगठ्ठा वळलं होतं. साडेसातपासून पहाटे साडेपाचपर्यंत धरलं तर दहा तास, म्हणजे १५० अंश. चाकाला चिकटवलेलं चित्र चाकाबरोबर फिरावं, तसं.

या फिरण्याला मराठीत एक फार चांगलं चित्र आहे, पण ते आता खेड्यातही दाखवायला उरलेलं नाही. पूर्वी मळणी खळ्यावर व्हायची. सारवलेल्या खळ्याच्या मधोमध एक खांब रोवलेला असायचा. आमच्याकडे त्याला तिवडा म्हणतात, काही भागांत मेढ. त्याला बैलांची पात जुंपायची, चार-पाच बैल एका दाव्यात शेजारी शेजारी, आणि ती पात गोल गोल फिरत कणसं तुडवायची. तिवड्यालगतचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळायचा, आणि सगळ्यात बाहेरच्याला पळता पळता धाप लागायची. फेरा मात्र सगळ्यांचा एकदमच पुरा व्हायचा.

आभाळाचं नेमकं हेच आहे. ध्रुवाजवळचा तारा छोटं वर्तुळ काढतो, लांबचा मोठं, पण एका तासात दोघंही १५ अंशच वळतात. आणि हे चित्र माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाचं वर्णन याच शब्दांत येतं: मेढीला जुंपलेली जनावरं जशी आपापल्या ठिकाणावरून फेरे घेतात, तसे ग्रह आणि नक्षत्रं ध्रुवाभोवती फिरतात. ज्याने हे लिहिलं त्याने खळंही नीट पाहिलं होतं आणि आभाळही.

आता फिरतंय कोण? तारे नव्हे, आपण, हे सगळ्यांना पाठ असतं. पटलेलं मात्र क्वचितच असतं. भाच्याला मी देवळात नेलं. सभामंडपात घंटा टांगलेली आहे. तिच्या बरोबर खाली उभं राहून, मान वर करून, स्वतःभोवती सावकाश गिरकी घ्यायला सांगितली. घंटा जागच्या जागी राहिली आणि घुमटातली नक्षी, खांब, पताका, सगळं तिच्याभोवती फिरायला लागलं. तो डावीकडे वळला तर मंडप उजवीकडे फिरला. भजनी मंडळींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडून द्या, मुद्दा पटला. ध्रुवतारा ही पृथ्वीच्या आसाच्या टोकावरची घंटा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे वळते, म्हणून आभाळ पूर्वेकडून पश्चिमेकडे गेल्यासारखं वाटतं. उत्तरेकडे तोंड केलं की पूर्व उजव्या हाताला येते. त्यामुळे तारे उजवीकडून चढतात, ध्रुवाच्या वरून जातात आणि डावीकडे उतरतात. घड्याळाच्या काट्यांच्या उलटे.

हे आपल्याकडे कोणी पहिल्यांदा स्वच्छ सांगितलं, तर आर्यभटाने, इ. स. ४९९ मध्ये. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्याचा दाखला आहे. पुढच्या पंडितांना ते पचलं नाही. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतील, असं वराहमिहिराने विचारलं. प्रश्न मुळीच मूर्खपणाचा नाही. माणच्या अक्षांशावर आपण ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. हवाही आपल्याबरोबरच येते, म्हणून घारीला परत येता येतं. तारे न बघता, बंद खोलीत पृथ्वीचं फिरणं दाखवायला मात्र १८५१ साल उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये फुको या शास्त्रज्ञाने पँथिऑनच्या घुमटातून ६७ मीटर लांबीचा लंबक सोडला आणि त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही असा लंबक आहे. पॅरिसचा लंबक पूर्ण फेरा सुमारे ३२ तासांत घेतो, पुण्याच्या अक्षांशावर त्यालाच ७५ तास लागतात. हा फरक का पडतो, याचं उत्तर ध्रुवाच्या उंचीतच दडलेलं आहे.

मघाशी म्हटलं, माणमधून ध्रुव दोन मुठींना जरा कमी उंचीवर दिसतो. हा आकडा म्हणजे माणचा अक्षांश, पावणेअठरा अंशांच्या आसपास. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. पणजीत साडेपंधरा, कोल्हापुरात पावणेसतरा, पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस, दिल्लीत साडेअठ्ठावीस, लेहला चौतीस. उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर तारा थेट डोक्यावर, म्हणजे अगदी घंटेखाली. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला. आपण गोल पृथ्वीच्या कुशीवर कुठेतरी कलंडून उभे आहोत. जितके कलंडलेले, तितकी घंटा तिरकी दिसणार.

इथे मला पाठ्यपुस्तकांबद्दल जरा तक्रार करायची आहे. ध्रुवाभोवती तारे फिरतात म्हणून जी आकृती छापतात, तीत सप्तर्षी चार ठिकाणी काढलेले असतात: ध्रुवाच्या वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. खाली लिहिलेलं असतं की हे तारे कधी मावळत नाहीत. ती आकृती युरोपची आहे. लंडनमध्ये ध्रुव साडेएक्कावन्न अंशांवर असतो, तेव्हा सप्तर्षी त्याच्या खालून गेले तरी क्षितिजाच्या वरच राहतात. माझी मावसबहीण तिकडे असते. तिच्या परसातून ते वर्षातल्या कुठल्याही निरभ्र रात्री दिसतात, कधी डोक्यावर तर कधी घरांच्या छपरांना लागून.

आपलं तसं नाही. माणमधून ध्रुवाभोवती पावणेअठरा अंशांच्या आतले तारे तेवढे कधी न मावळणारे. आणि क्रतू, जो सातांपैकी ध्रुवाच्या सगळ्यात जवळचा, तोच २८ अंशांवर आहे. मरीची तर ४० अंशांच्याही पलीकडे. म्हणजे आपल्याकडे सप्तर्षी चक्क उगवतात आणि मावळतात. ध्रुवाच्या खालून ते जातात खरे, पण जमिनीखालून. खळ्याचा जवळजवळ अर्धा भाग मातीत गाडलेला आहे. आपल्याला पात वरच्या अंगाने जाताना दिसते आणि मग ती गडप होते. ध्रुवाचं सोडलं तर अख्खं वर्तुळ वर राहणारा ठळक तारा आपल्याला जवळपास नाहीच. ध्रुव ज्या तारकासमूहात आहे, त्या ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाचा एक ताम्रवर्णी तारा हिशेबाने मावळत नाही, पण सगळ्यात खाली असताना तो माणच्या क्षितिजापासून जेमतेम दोन अंशांवर येतो, आणि तिथल्या धुळीतून तो मी अजून तरी पाहिलेला नाही.

म्हणून कोणी कार्तिक महिन्यात रात्री नऊला सप्तर्षी शोधत बसला आणि सापडले नाहीत, तर दोष त्याच्या डोळ्यांचा नाही. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आपल्याकडे त्या वेळी सप्तर्षी वर नसतातच. तेव्हा शर्मिष्ठेकडे वळावं. ती ध्रुवाच्या बरोबर समोरच्या बाजूला आहे. पात एका बाजूने खाली गेली की दुसऱ्या बाजूची वर येते. शर्मिष्ठेच्या आसपासच आपल्याकडच्या नकाशांत देवयानी, ययाती, वृषपर्वा अशी सगळी महाभारतातली भांडकुदळ मंडळी बसवलेली आहेत, पण ते पुराण नंतर कधीतरी.

विषुववृत्त ओलांडलं की ध्रुव जमिनीखाली जातो. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहताहेत. त्यांनी गोष्टीतला ध्रुवबाळ ऐकला असेल, पण घरच्या अंगणातून तो तारा कधीच दिसणार नाही. सप्तर्षी मात्र एप्रिल-मेच्या संध्याकाळी उत्तरेला बुटक्या कमानीतून जाताना दिसतात. तिथून आभाळाचं चाक बघायचं तर दक्षिणेकडे तोंड करावं लागतं, आणि ते चाक घड्याळाच्या काट्यांसारखं सुलटं फिरतं. मध्ये तिवडा म्हणावा असा ठळक तारा मात्र तिकडे कोणी नाही.

आमचे तात्या, आजोबांचे धाकटे भाऊ, यातलं काही शिकलेले नव्हते. पण रात्री दारं धरायला जाताना ते घड्याळ नेत नसत. रात्रीची वीज असली की पिकाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, तेव्हाही तसंच होतं. पाण्याची पाळी संपायची वेळ ते पतंगावरून सांगत. "श्याप्टी सरळ झाली की हाक मार" म्हणायचे, आणि बांधावर अंग टाकायचे. मी लहान असताना हे मला जादूसारखं वाटायचं. आता कळतं की ते चक्क चोवीस तासांचं घड्याळ वाचत होते: ध्रुव मधला खिळा, दर्शक तारे म्हणजे काटा, आणि एक मूठ सरकली की साधारण... नाही, मूठ इथे चालत नाही, कोन बघावा लागतो. काटा उजव्या आडव्यापासून उभा व्हायला सहा तास. त्याच्या अर्ध्यावर आला की तीन. एवढ्या अंदाजाने पाणी मोडायला पुरेसं होतं.

पण या घड्याळात एक खोड आहे, आणि तात्यांना ती पक्की माहीत होती. ते रोज चार मिनिटं पुढे पळतं. पृथ्वी स्वतःभोवतीचा एक पुरा फेरा २३ तास ५६ मिनिटं आणि ४ सेकंदांत घेते. मग आपला दिवस २४ तासांचा कसा? कारण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही साधारण एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायचा तर तिला आणखी एक अंश वळावं लागतं, त्याला लागतात चार मिनिटं. तारे इतके लांब आहेत की त्यांना या सरकण्याशी देणंघेणं नाही; त्यांचा फेरा चार मिनिटं आधीच पुरा होतो. परिणाम असा की आज रात्री नऊला आभाळ जिथे आहे तिथे ते उद्या ८ वाजून ५६ मिनिटांनीच असेल. महिन्याला दोन तास, वर्षाला पुरा एक फेरा. सूर्य वर्षात ३६५ वेळा उगवला तर तारे ३६६ वेळा. म्हणून शिवरात्रीला संध्याकाळी ईशान्येला उगवणारे सप्तर्षी एप्रिल संपता संपता रात्री नऊलाच ध्रुवाच्या डोक्यावर असतात, आणि श्रावणात वायव्येला उतरलेले. अर्थात श्रावणात ते दिसायला ढगांची मेहेरबानी हवी.

भाच्याने यावर लगेच शंका काढली. पृथ्वी सूर्याभोवती एवढी फिरते, सहा महिन्यांत ३० कोटी किलोमीटर पलीकडे जाते, मग तिचा आस ध्रुवावरून ढळत कसा नाही? चांगली शंका आहे, आणि उत्तर फक्त अंतरात आहे. ते ३० कोटी किलोमीटर प्रकाश १७ मिनिटांच्या आतच कापतो. ध्रुवापासून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला चारशेहून जास्त वर्षं लागतात. प्रमाणात सांगायचं तर पृथ्वीची ती अख्खी कक्षा एक मिलिमीटर रुंदीची धरली, तर ध्रुव साधारण १४ किलोमीटरवर येईल. चौदा किलोमीटरवरच्या दिव्याकडे बोट दाखवताना तुम्ही एक मिलिमीटर बाजूला सरकलात, तर बोट बदलावं लागेल का?

आता थोडं ध्रुवाविरुद्ध बोलतो. उत्तानपाद राजाच्या मांडीवरून सावत्र आईने उठवलेल्या मुलाला तपश्चर्येनंतर अढळपद मिळालं, अशी गोष्ट. लग्नात सप्तपदी झाली की गुरुजी नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. मी ज्या लग्नांना गेलो त्यातल्या बहुतेकांत हे दर्शन दुपारी साडेबारा-एकला, कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगकडे बोट करून झालं, आणि वधूवरांनी दिसल्याचं कबूलही केलं. असो. दिसत नसताना जेवढा तो अढळ असतो, तेवढा दिसताना नाही.

याचा पुरावा माझ्याकडे आहे. त्याच शिवरात्रीला मी तिकाटण्यावर कॅमेरा लावून अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे फोटो एकामागून एक घेत होतो, नंतर संगणकावर एकावर एक चढवायला. रात्री आठपासून दोनपर्यंत घेतले. दोनला बॅटरीने मान टाकली. सहा तास म्हणजे पाव फेरा. जोडलेल्या फोटोत प्रत्येक ताऱ्याची रेघ पाव वर्तुळाची आली, जवळच्याची आखूड, लांबच्याची लांबलचक. आणि मधोमध, जिथे एक ठिपका हवा होता, तिथे ध्रुवानेही आपली एक बारीकशी चाप काढलेली होती, कापलेल्या नखासारखी. खरा ध्रुवबिंदू त्याच्या शेजारी, रिकाम्या काळ्या जागेत. तारा त्या बिंदूपासून सध्या ०.६ अंशाहून थोडा जास्त दूर आहे. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपट रुंदीचं वर्तुळ तोही रोज काढतो. तिवड्याजवळचा बैल, फार तर. तिवडा नव्हे.

शिवाय तो कायम एवढा जवळ नव्हता. ज्ञानेश्वर माउलींच्या काळी, १२९० च्या सुमारास, हा तारा ध्रुवबिंदूपासून साधारण साडेचार अंशांवर होता. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हाही अडीच अंशांहून जास्त. २१०० च्या आसपास तो सगळ्यात जवळ, अर्ध्या अंशाच्या आत येईल आणि मग लांब जायला लागेल. कारण आसच डुलतो आहे. भोवरा जोरात फिरत असताना त्याची अणी जागेवर असते, पण वरचं टोक सावकाश गोल फिरताना दिसतं, तसंच. चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या फुगीर पोटाला ओढतात, त्यामुळे पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक डुलकी पुरी करतो. इ. स. पूर्व २८०० च्या सुमारास ध्रुवाची जागा कालेय तारकासमूहातल्या एका फिकट ताऱ्याकडे होती; इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहिले ते साधारण त्याच युगात. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित हा झगझगीत तारा त्या जागेच्या आसपास येईल. अढळपद आहे, त्यावर बसणारा बदलतो.

२०२६ ची शिवरात्र १५ फेब्रुवारीला आली. भाचा आता आठवीत. या वेळी तो वही घेऊन नाही, हिशेब करूनच आला. गेल्या वर्षी २६ तारखेला दर्शक तारे एक वाजून दहाला उभे झाले होते. यंदा अकरा दिवस आधी, अकरा चोक चव्वेचाळीस, म्हणजे एक चोपन्नला. मी म्हटलं, उभे झाले हे ठरवणार कसं, डोळ्याच्या अंदाजाने दहा मिनिटांची चूक सहज होते. तर त्याने गावातल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता.

पावणेदोनला आम्ही माळावर उभे. त्याने हात ताठ धरला, पितळेचा ओळंबा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखला आणि एक डोळा मिटून दोऱ्यामागे ध्रुव धरला. वर पुलह आणि क्रतू अजून दोऱ्याच्या किंचित उजवीकडे होते. हात भरून आला की दोरा माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. देवळात भैरवी सुरू झाली होती, बहुधा कोणालातरी झोप अनावर झाली असावी. एक बावन्न. एक त्रेपन्न. "आले," तो म्हणाला, आणि दोऱ्याने दोन्ही तारे एकदम झाकले गेले. मी मोबाइलमध्ये पाहिलं. एक पंचावन्न.

"एका मिनिटाने चुकलं," तो जरा खट्टू झाला. मग ओळंब्याचा दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "पुढच्या वर्षी अधिक महिन्यामुळे शिवरात्र ६ मार्चला आहे, मी कॅलेंडर बघितलंय. एकोणीस दिवस उशिरा. एकोणीस चोक शहात्तर. बारा अडतीस." आणि थोडं थांबून, "म्हणजे पुढच्या वेळी लवकर झोपता येईल, मामा."